बसलो की खरखर थांबते

३ नोव्हेंबर, परळ
आलो एकदाचा! भोईवाड्याच्या चाळीतून थेट मुलाच्या सतराव्या मजल्यावर. सकाळी माझ्या खोलीत रेडिओ ऐकला, मग शाळेत शिकवायचो त्या कविता चालीवर म्हटल्या. सूनबाई, सलोनी, दारातून हसली, अप्पांचा तास सुरू झाला म्हणे. वायफाय इथवर पोचत नाही, म्हणून वरदने प्लगमध्ये एक डबी बसवली. इंटरनेट आता दिव्याच्या तारेतूनच येतं. कोपऱ्यात कॅमेरा आहे. मी कुठे पडलो तर वरदच्या मोबाइलला कळेल. काळजी करतो पोरगा.

६ नोव्हेंबर
रेडिओ खरखरतो. मी हललो की कॅमेरा तारेतून चित्र धाडतो, तेवढा वेळ गाणं बुडतं. बसलो की खरखर थांबते. वरद म्हणाला, मग बसा ना अप्पा, कुठली शाळा गाठायचीय? माझा गुडघा लंगडा, तशी खरखरही लंगडते. लघु, गुरू, लघु, गुरू.

१० नोव्हेंबर
दुपारी घरात एकटा. खुर्चीत स्वस्थ बसलो होतो. तरी खरखर. एकेक पाऊल टाकल्यासारखी, सगळी गुरू.
चाळ सोडताना उंबऱ्यावर नारळ ठेवून मी गाऱ्हाणं घातलं होतं, इथे जे कोणी मागे असेल त्याने सोबत यावं. मनात मृणालिनी होती. आठ वर्षांपूर्वी ही त्याच खोलीत गेली. पण नाव घ्यायचं राहिलं. आमच्याआधी तिथे कोण कोण मेलं, कुणास ठाऊक.
हिची पावलं इतकी जड नव्हती.

१२ नोव्हेंबर
वरद भडकला. मीटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या इशाऱ्यांनी मोबाइल चाळीसदा वाजला. दिवसभर येरझारा घालता, डोकं ठिकाणावर नाही तुमचं, पुन्हा असं झालं तर कर्जतच्या वृद्धाश्रमात. म्हटलं, चित्रं उघडून बघ, मी बसलेलाच आहे. वेळ नाही म्हणाला.
काळजी करायला यंत्र ठेवलंय. बघायला कोणी नाही.

१३ नोव्हेंबर, दुपार
पंच्याने पाय खुर्चीला बांधलेत. कॅमेऱ्याकडे पाठ, वही पोटाशी, लिहिता हात दिसू नये म्हणून. हलायचं नाही.
खरखर — गुरू — गुरू —
थांबली. अगदी जवळ —
पंच्याची गाठ सैल होतेय. माझे हात तर वहीवर —
वरद, आज तरी चित्र उघड. मी उठत नाहीये रे, मला कोणीतरी उठवतंय—