फाटकाफाटकातला नान

सालकीन,

चहा थर्मासमध्ये आहे. साखरेचा डबा मी लपवलाय, शोधू नकोस. डॉक्टरीणबाई तुझ्या साखरेचं काय बोलल्या ते मात्र मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

काल काट्यावर वजन वाढलेलं दिसलं म्हणून रडलीस, "आता मी चालायला येणार नाही" म्हणालीस. अगं, चूक तुझी नाही, आपल्या गल्लीची आहे! आपण दोघी जावा सकाळी घाम गाळायला निघतो आणि प्रत्येक फाटकात कुणीतरी गरम नान घेऊन उभी: "तोंड तरी लावा गं, तशाच कशा जाता?" नानला नाही म्हणायचं नसतं, म्हणून आपण तोंड लावतो. वर लोणी, वर जर्दाळूचा मुरंबा. कालव्यापर्यंत जाऊन येईतो पोटभर जेवण होतं.

तुझं रडणं सासूबाईंनी भिंतीपलीकडून ऐकलं. "सून वाळली तर लोक मला नावं ठेवतील" म्हणणाऱ्या त्याच बाई आज पहाटे माझ्याआधी तयार, हातात कापडी पिशवी. म्हणाल्या, "नान परत करायचा नाही, पण पिशवीत टाकायला कुणाची ना आहे? फाटकातल्या बायकांना मी बघते."

आम्ही कालव्याच्या पुलावर तुझी वाट बघतोय. उन्हं चढायच्या आत ये. आणि दारात तुझे बूट शोधत बसू नकोस, ते सासूबाईंनी घातलेत. तुझ्यासाठी त्यांनी आपले रबरी जोडे पुसून ठेवलेत.

बुरुल