डीएक्सऐवजी एसएक्स

पुणे, ता. ९ मार्च १९९४
सकाळी साडेसात, स्टोव्हवर चहा ठेवून

तीर्थरूप दादांच्या पायांवर धाकट्या बालाजीचा माथा.

मी खुशाल आहे, जेवण वेळेवर होतं. वहिनींचा खोकला कमी झाला का?

घरांचे नकाशे काढायचा तुमचा कॉम्प्युटर काल ट्रान्सपोर्टने जिंतूरला निघाला. तुम्ही बजावलं होतं, "डीएक्सच आण बरं, दुसरं न्हाई चालत." दुकानात डीएक्सवर वेगाचा आकडा २५ लिहिला होता, एसएक्सवर ३३. दुकानदार म्हणाला, "अहो, दोन्हींत चिप ४८६चीच. हा ३३ वाला जास्त पळतो." मला वाटलं, दादांना हा आकडा माहीत नसेल. मी ३३ चा घेतला.

संध्याकाळी शेजारचे इंजिनिअर म्हणाले, "एसएक्सच्या चिपमध्ये अवघड गणितं करणारा भागच नसतो. नकाशाचा प्रोग्राम सुरूच होणार नाही." मी धावत गेलो, पण गाडी सुटली होती. त्यात बसवायची डीएक्सची चिप महिन्याने मिळेल. ती मी स्वतः घेऊन येतो.

दादा, कॉम्प्युटर आला की त्याची पूजा घरातल्या घरात करा. बांधकामवाल्यांना बघायला बोलावू नका. आधीच बोलावलं असेल, तर चूक माझी आहे, असं त्यांना सांगा. तुम्ही माझं नाव सांगणार नाही, म्हणून लिहितो.

तुमचा,
बालाजी