या खुणेत नवं ते काय?

ता. ३ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

काल सकाळी देवपूजा उरकली आणि अंगणात खुंट्या ठोकत बसलो. तुझी भावजय म्हणाली, नोकरी सोडून तंबू टाकायचा विचार आहे की काय! मग त्या खुंट्यांवरून गवत कापायचं यंत्र फिरवलं. लाकडी खुंटी ताडकन मोडली. शेजारी एका अर्जदाराचा नमुना रोवला होता. तो मात्र जागच्या जागी, रंगासकट शाबूत. मला एकट्यालाच हसू फुटलं.

मोजणी झाल्यावर जागा दाखवायला जमिनीत खूण ठोकता ना, तिची ही सुधारणा. अर्जदार बाप आणि मुलगी आहेत. पेटंट तपासणारा म्हणून मीच त्यांना आक्षेप पाठवला होता: दोन जुन्या वस्तू जोडल्यात, या धंद्यातल्या कोणालाही सहज सुचेल. त्यांचं शेवटचं उत्तर आलंय. मी आक्षेप कायम ठेवला तर त्यांचा पेटंटचा अर्ज बुडाला.

तुझा जन्म मोजणीत गेला, म्हणून विचारतो. खुणा मोडू नयेत म्हणून तुम्ही काय काय केलंत? अर्ज केव्हाच प्रसिद्ध झालाय, गुपित काही नाही. तरी नमुना कसा आहे ते मुद्दाम सांगत नाही.

भावोजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा

ता. ११ ऑगस्ट

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तब्येतीची चौकशी नाही, थेट खुंट्या! शोभतोस हो सरकारी माणूस.

लिहून घे. आधी जाड खुंटी ठोकली, मोडली. मग लोखंडी सळई. यंत्राचं पातंच तुटलं आणि माळी आमच्या मागे धावला. मग खूण खोल पुरली. ती आम्हालाही सापडेना. एका साहेबांनी भोवती काँक्रीट ओतायला लावलं, त्यावर पहिले अडखळून पडले तेच. शेवटी शहाणे झालो: मोडली की पुन्हा मोजायचं आणि माळ्याच्या नावाने बोटं मोडायची.

हे म्हणतात, तुझा नमुना पोलादाचा असणार. मी म्हणते, त्याहून कठीण काहीतरी. आता सांग, नाहीतर पुढचं पत्र बिनतिकिटाचं पाठवीन.

भावजयीला पुरते आशीर्वाद, तुला अर्धे.

ताई

ता. १९ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तो एक झुपका आहे! ब्रशासारखे रंगीत केस, खाली खिळा. खिळा पुरता गाडायचा, केस तेवढे वर. यंत्र आलं की आडवे होतात, गेलं की उभे.

आता तू म्हणणार, एवढंच? भावोजी म्हणणार, हे तर मलाही सुचलं असतं. मीही तेच लिहिलं होतं, फक्त कलम घालून. आपल्या शाळेत गुरुजी गणिताच्या पुस्तकातली उत्तरांची पानं खळीने चिकटवून टाकायचे. मी मात्र उत्तर समोर ठेवून गणित सोपं ठरवलं.

तुझं पत्र फाइलला लावता येणार नाही, पण त्याने मला जुन्या पेटंटांचे कागद पुन्हा वाचायला बसवलं. सगळे तुझ्याच वाटेने गेलेले: जाड, कठीण, खोल. ब्रशाचा कागद होता तो पायऱ्या झाडण्याचा; खुणेबद्दल त्यात चकार शब्द नाही. सगळे यंत्राशी ताकदीने भांडत असताना या बापलेकींना वाकायचं सुचलं. देव बुद्धी देतो ती अशी साधी दिसते. मला हात जोडावेसे वाटले.

साहेब म्हणतात, आपलाच आक्षेप आपण खोडणं बरं दिसत नाही. दुपारी त्यांच्यापुढे कारणं मांडायची आहेत.

चुकलो तर कान धर, पण जीव लावायचा सोडू नकोस.

तुझा धाकटा

ता. क. पाकीट मुद्दाम उघडं ठेवलं होतं. साहेबांनी कारणं दोनदा वाचली आणि होकार दिला. आक्षेप मागे घेतला. पेटंटच्या मंजुरीवर सही करून आत्ताच जागेवर येऊन बसलोय.