डावा अंगठा

हैदराबाद
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

सौ. ज्योत्सना वहिनीस,
गोलूचा नमस्कार. आईले पाया पडतो म्हणून सांगा. गुंजनची शाळा बरी चालू असेल. मी बरा आहे. टाइल्सवाल्या मालकानं अजून आठ दिवसाची सुट्टी दिली.

वहिनी, चिठ्ठी पाहून तुम्ही म्हणाल, फोन असून हे काहून लिहिलं. घरचा फोन आई स्पीकरवर ठेवते. अन मोबाईलवर लिहिलेलं गुंजन साऱ्या घराले मोठ्यानं वाचून दाखवते. म्हणून कागद. आपल्या गावचा ताराचंद संध्याकाळच्या गाडीनं घरी निघून राहिला. तुमच्याच हातात द्यायचं, आईच्या नाही, असं त्याले बजावलं आहे.

मुन्नादादा जेवतो चांगला. मानेच्या ऑपरेशनचे टाके सुकले. इथलं जेवण तिखट आहे म्हणते, अन आपल्या बोडीतल्या, गावतळ्यातल्या झिंग्याची आठवण काढते. गोसी धरणाच्या पाण्यात अडकलेलं जाळं सोडवायले डुबकी मारली नसती त बरं, हे दिवसातून दहा वेळा म्हणते. जुन्या गावची घरं कुठं कुठं बुडाली ते त्याले पाठ होतं. तरी डोकं आपटलं कोणाच्या तरी भिंतीवरच, अन मानेखालचं अंग लुळं पडलं.

पाठीच्या कण्यातली चार इंजेक्शनं झाली. पाचवं आज चार वाजता आहे. डॉक्टर मॅडमनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं ते तुम्हाले फोनवर नीट समजलं का नाही, मालूम नाही, म्हणून लिहितो. हे औषध नवीन आहे, तपासणं चालू आहे. अर्ध्या पेशंटले खरं औषध देतात, अर्ध्याले साधं सलाईनचं पाणी. कोणाले काय, हे कॉम्प्युटर ठरवते. मॅडमलेही मालूम नसते. मार लागल्यापासून महिन्याच्या आत सुरू करावं लागते, म्हणून मी नागपूरहून घाईनं इकडं आणलं त्याले.

तेव्हा मॅडमनं लांब यादी वाचली होती. शुगर आहे का, दमा आहे का. मग विचारलं, "इनको कभी मिर्गी का दौरा आया है?" ज्याले झटके येतात त्याले या तपासणीत घेत नाहीत, कारण या औषधानं झटका उठू शकतो. मी नाही म्हटलं. मॅडमनं तुम्हालेही फोन लावून विचारलं. तुम्ही नाही म्हटलं.

तुम्ही खरं बोलल्या. मी खोटं.

तुम्ही मागच्या आठवड्यात विचारलं होतं, दादाच्या ताकदीच्या गोळ्या घरीच राहिल्या, पाठवू काय. मी घाईघाईनं नको म्हटलं. वहिनी, त्या ताकदीच्या नाहीत. त्या झटक्याच्या आहेत. लग्नाच्या आधीपासून घेते तो. आई दर महिन्याले पाकिटातून काढून ताकदीच्या पावडरच्या डब्यात भरते ती तुम्हाले नाव दिसू नये म्हणून. नऊ वर्षं तुम्ही रोज रात्री दुधासंग देत आल्या, अन एक दिवस चुकू दिला नाही, म्हणूनच तुम्हाले काही दिसलं नाही. इथं आल्यापासून त्याच्या पोटात एक गोळी नाही.

आता तुम्हाले पाठवलेल्या व्हिडिओचं सांगतो. डावा अंगठा हलला म्हणून सारे डॉक्टर टाळ्या वाजवून राहिले, तो मीच काढला. तुम्ही नारळ फोडला, आईनं गावभर दाखवला. मले मात्र खुशी झाली नाही. मी दहा वर्षाचा होतो तेव्हा डोंग्यात दादासंग बसलो होतो. आधी त्याचा डावा अंगठा असाच हलला, कोणी माळ जपते तसा. मग तोंड एका बाजूले फिरलं, अन तो पाण्यात गेला. बाबा येईपर्यंत मी त्याचे केस धरून होतो.

मॅडम म्हणते हात जागा होऊन राहिला. काल तीनदा हलला. आज सकाळपासून पाच वेळा, अन आता ओठाचा कोपराही ओढते.

सकाळी नर्स गेल्यावर मी दादाले म्हटलं, मॅडमले सांगून टाकतो. त्यानं डोळ्यानंच नको म्हटलं. मग म्हणाला,

"गोल्या, मले का मालूम नाही होय ते काय आहे? तू गप राय. यातून काढलं त जिंदगीभर खाटेवर."

मी म्हटलं, अन मेला त?

"मेलो त खाटेवर त नाही ना," म्हणाला, अन हसला. मग भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाला, "जोशनाले मालूम झालं त ती कोंढ्याले निघून जाईल. माहेरी. पोरीले घेऊन."

औषधाची भीती नाही त्याले, वहिनी. तुमची आहे.

दुपारी गुंजन शाळेतून आल्यावर, तुम्ही नळावर अन आई शेजारी होती तेव्हा, मी तिले फोन करून आईच्या पेटीतल्या पाकिटावरचं नाव एकेक अक्षर वाचायले लावलं. तिनं विचारलं, काका, बाबा ताकदीची गोळी घेऊन लवकर चालणार काय? मी हो म्हटलं. हेही खोटंच गेलं तोंडातून. नाव कागदावर उतरवून खिशात ठेवलं आहे.

आता साडेतीन झाले. ताराचंद खाली गेटजवळ उभा आहे. आधी चिठ्ठी त्याच्या हातात देतो, मग मॅडमच्या खोलीत जातो. उलटं केलं त मी दारातूनच परत फिरेन. कोणत्या कामावर मी सहा महिने टिकलो, तुम्हाले मालूम आहे. चिठ्ठी गेली की मागं फिरायले जागा राहत नाही.

हे तुम्हाले कधी सांगणार नाही, अशी आईनं माझ्याकडून शपथ घेतली होती. तिच्यावर रागावू नका असं म्हणायचा मले हक्क नाही. दादा आज माझ्याशी बोलणं बंद करेल. मॅडम त्याले तपासणीतून काढेल, गोळी सुरू करेल. पण चार इंजेक्शनांत खरं औषध गेलं असेल, त ते आता अंगातून काढता येत नाही.

ही चिठ्ठी तुमच्या हातात पडेल तेव्हा आजच्या रात्रीचं काय झालं ते तुम्हाले मालूम राहील. मले आता नाही. तुम्ही इकडं येणार का कोंढ्याले जाणार, ते तुमचं तुम्ही ठरवा. इकडं आल्या त मी स्टेशनवर घ्यायले येईन, तिकडं गेल्या त पोचवायले येईन.

तुम्हाले पाहायले आलो त्या दिवशी तुमच्या बाबांनी "पोराले काही बिमारी वगैरे?" विचारलं, तेव्हा खाली मुंडी घालून पोहे खात राहिलेला
तुमचा दीर,
गोलू