आईला भाड्याने जागा हवी

३ फेब्रुवारी

चि. बबडीस, अनेक आशीर्वाद.

फोनवर तू रडतेस, मग मी ओरडते आणि मुद्दा राहूनच जातो, म्हणून हे पत्र. जावईबापूंना वाचून दाखवलंस तरी चालेल, फक्त मधेमधे स्वतःची वाक्यं घालू नकोस.

मुद्दा असा, की नाटक कंपनीने मला कायम केलं! शाळेतली माझी मैत्रीण ठेंगू तिथे नटांचे केसांचे टोप बनवते. तिनेच मला दोन महिन्यांपुरतं कपडेपटात चिकटवलं होतं. आता मॅनेजर म्हणतात, की बाई, तुम्ही गेलात तर राजाची विजार कोण सांभाळणार? अठ्ठावन्नाव्या वर्षी मला नोकरी लागली. तुझे बाबा असते तर त्यांनी आधी विचारलं असतं, की अर्ज कुणी लिहून दिला.

ठेंगूकडे किती दिवस राहणार? तिची सून चांगली आहे, आणि तिने चांगलंच राहावं म्हणून मी जागा शोधते आहे. भाड्याची. एकटीची. बस, लिहून टाकलं.

हा शहराचा भाग म्हणजे एक जत्राच. बसथांब्यावर उभं राहिलं की पाच भाषा कानावर पडतात आणि पाचांतही बसलाच शिव्या असतात. एजंट चकचकीत बुटांचा आहे. त्याच्या लेखी प्रत्येक खोली हवेशीर. पहिलीत दार उघडलं की पलंगाला आपटत होतं, दुसरीत नहाणी स्वयंपाकघरातच, आणि तिसरीचा मालक म्हणाला, तुम्ही एकट्या, पडलात-बिडलात तर आम्हाला निस्तरावं लागेल. मी त्याला म्हटलं, की तुमच्या जिन्याची तिसरी पायरी हलते आहे, तिथून आधी तुम्हीच पडाल.

काळजी करू नकोस. करायचीच असेल तर थोडी कर.

तुझी,
आई


९ फेब्रुवारी

ती. आईस, सा. न. वि. वि.

अभिनंदन. मनापासून. आता ऐक.

आम्ही तुझ्यासाठी मागची खोली रिकामी केली. ह्यांनी स्वतः भिंतीला रंग दिला, आणि ह्यांनी रंग देणं म्हणजे काय हे आमच्या फरशीला विचार. पोरं रोज विचारतात, आजी कधी येणार. आणि आजी कुठल्याशा गल्लीत पलंगाला आपटणारी दारं बघत हिंडते आहे!

लोक काय म्हणतील, हे मी लिहिणार नव्हते. पण आत्याचा फोन आलाच. तिने गोड आवाजात विचारलं, की वहिनीला ठेवून घ्यायला तुमच्याकडे जागा नाही का गं?

हौस म्हणून शिवण कर, आमच्या गावातही शिंपी आहेत. ये, आई. गाडीभाड्याची सबब सांगू नकोस, हे न्यायला येतील.

तुझी हट्टी (कुणावर गेले असेन?)
बबडी


१६ फेब्रुवारी

चि. बबडीस, अनेक आशीर्वाद.

जागा मिळाली! म्हणजे मिळाल्यात जमा. चौथा मजला, खाली केस कापायचं दुकान. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि खिडकी एवढी मोठी की मशीन तिच्यापुढे ठेवलं तर संध्याकाळपर्यंत दिव्याशिवाय सुई ओवता येईल. मी तिथेच बॅगेतून दोरा काढून ओवून बघितला. घरमालकीणबाईंना ते फार आवडलं.

ह्या बाई आयुष्यभर पोहायला शिकवत होत्या, त्यामुळे शेजारी बसलं तरी तलावापलीकडून हाक मारल्यासारखं बोलतात. त्यांची भाषा वेगळी, माझी वेगळी. आम्ही दोघी मिळून एक तिसरीच मोडकीतोडकी बोलतो. जिन्यात प्रत्येक मजल्यावर फोडणीचा वास वेगळा. चौथ्यावर पोहोचेपर्यंत दम लागतो आणि भूकही.

एकच अडचण आहे. पगारदार माणसाची जामीन म्हणून सही हवी. एक तरुण जोडपंही जागा बघून गेलंय, पण बाई महिनाअखेरपर्यंत थांबणार आहेत. कागद सोबत पाठवते. तू सही करशील ना?

रागावलीस तरी पत्राने रागाव.

आई


२१ फेब्रुवारी

ती. आईस, सा. न. वि. वि.

कागद मिळाला. सही केलेली नाही.

मला फक्त एवढंच सांग, की आमचं काय चुकलं? हे काही बोलले का? पोरांनी त्रास दिला का? बाबा गेल्यावर तू तीन महिने आमच्याकडे होतीस, तेव्हा मी तुला चहाचा कपसुद्धा विसळू दिला नाही. तरी परक्या बाईच्या चौथ्या मजल्यावर तुला बरं वाटतं आणि लेकीकडे नाही. मला आई हवी आहे, आणि तू माझ्याकडे जामीन मागतेस.

बबडी


२५ फेब्रुवारी

चि. बबडीस, अनेक आशीर्वाद.

अगं वेडे, तुमचं काहीच चुकलं नाही. तीच तर पंचाईत!

तुमच्याकडे सगळे माझ्याशी इतकं जपून वागत होते, की मीच आजारी आहे असं मला वाटायला लागलं. मी खोलीत आले की टीव्हीचा आवाज कमी. जावईबापू खुर्चीवरून उठायचे. बिचारे दमून आलेले असायचे, मला बघून ताठ बसायचे. कप विसळू दिला नाहीस हे खरं, पण मग दिवसभर करायचं काय गं? मी पडदे मोजत बसायचे. त्यांतल्या एकाची टीप वाकडी आहे, हेही मी तुला सांगितलं नाही, कारण पाहुण्याने सांगू नये.

इथे मॅनेजरसुद्धा मला विचारल्याशिवाय कात्री उचलत नाहीत. हे सुख काय असतं ते मला आत्ता कळलं, आणि ते सोडून यायला जीव होत नाही. सुट्टीत येईन, महिनाभर राहीन, पोरांना बिघडवून परत जाईन.

सहीचं म्हणशील तर ठेंगू काल म्हणाली, मी करते, आत्ता करते, पेन दे. मी नको म्हटलं. जागा गेली तर गेली, दुसरी बघेन. पण तू नाराज असताना मी त्या घरात राहायला गेले, तर रोज जिना चढताना तेच आठवेल. सही मला तुझीच हवी आहे.

आई


१ मार्च

ती. आईस, सा. न. वि. वि.

पोहोचले सुखरूप. तिथून निघाल्यापासून नुसतं आठवून हसते आहे, म्हणून लगेच लिहायला बसले.

तुला न कळवता आले ती भांडायलाच, हे आता कबूल करते. गाडीत वाक्यंही तयार केली होती. नाटकगृहाच्या मागच्या दाराने कुणीतरी मला कपडेपटात सोडलं, आणि बघते तर समोर तो राजा! दाराएवढा उंच, आणि तू स्टुलावर उभी राहून, तोंडात टाचण्या धरून त्याला दटावते आहेस, की पोट आत घेऊ नका, खोटं माप माझ्या काय कामाचं. आणि तो राजा मुकाट पोट सोडतो आहे!

आई, तू बाबांशी कधी अशी बोलली नाहीस. आमच्याशीही नाही. मी दारातच थांबले. मला तुझी ओळख करून घ्यावीशी वाटली, खरंच, नवीन माणसाची करतात तशी.

घरमालकीणबाईंनी मात्र माझीच परीक्षा घेतली. मी नीट जेवते का, झोपते का, मला पोहता येतं का. येत नाही म्हटल्यावर सही करून घ्यावी की नाही अशा विचारात पडल्या होत्या, मग घेतली एकदाची. ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, सासूबाईंचं बरोबर आहे, मीही बाहेर खोली बघू का? त्यांना मी फरशीवरचा रंग खरवडायला बसवलं आहे.

मागची खोली तुझीच आहे. पण आलीस की भांडी तू घासायचीस.

तुझी,
बबडी


८ मार्च

चि. बबडीस, अनेक आशीर्वाद.

काल सामान चढवलं. ठेंगूने टोपांची खोकी रिकामी करून दिली होती, त्यामुळे माझ्या डब्यांतून अजून केस निघताहेत. केस कापणाऱ्याने मशीन खांद्यावर घेतलं आणि चौथ्या मजल्यापर्यंत एकदाही टेकवलं नाही. वर मला म्हणाला, आजी, काय शिवता, दगड?

खिडकीत बसूनच लिहिते आहे. अजून खुर्ची एकच आहे. तू आलीस की तू खुर्चीवर आणि मी पलंगावर, किंवा उलट. ते भांडून ठरवू.

आणि एक काम सांगते. लग्नाआधी मला आलेल्या पाकिटावर द्वारा म्हणून माझ्या वडिलांचं नाव असायचं, मग माझ्या सासऱ्यांचं, मग तुझ्या बाबांचं, आणि परवापर्यंत ठेंगूच्या मुलाचं. पत्राच्या मागे नवा पत्ता लिहिला आहे, नीट उतरवून घे. वर नुसतं माझं नाव लिही. पोस्टमनला सांगून ठेवलंय.

आई