घर भावाला, पण एका अटीवर

सगळा बाजार जिला झेंडेवाली म्हणतो ती मी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कुणी फितवल्याशिवाय आणि कुणी धमकावल्याशिवाय, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. माझ्या धाकट्या भावाला तो पटणार नाही. डॉक्टरांचं काही म्हणून खरं मानायचं नाही असा त्याचा नेमच आहे, आणि हे मृत्युपत्र इतकं लांबलं ते त्यामुळेच.

याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. एक मसुदा केला होता, तो फाडला. का फाडला ते पुढे येईल.

वकिलांनी मला बजावलं, "बाई, कुणाला काय द्यायचं तेवढंच लिहा. गाऱ्हाणी नकोत." मी म्हटलं, "वकीलसाहेब, मरणार मी आहे. तुम्ही फक्त कायदा बघा."

कलम १. माझं पायाचं शिलाई मशीन, कापड बेतायचं टेबल आणि मोठी कात्री माझ्या भाचीला, म्हणजे भावाच्या मुलीला, मिळावी. ती औषधांच्या दुकानात काम करते आणि तिला साधं बटणसुद्धा धड लावता येत नाही. पण ती आपली वस्तू कुणाला उसनी देत नाही, एवढा गुण मला पुरेसा आहे. त्या कात्रीने कागद कापू नये. कापलेला मला वरून कळेल.

कलम २. बँकेत माझ्या नावावर जे असेल ते भाची आणि भावजय यांनी निम्मं निम्मं घ्यावं. भावाच्या हाती रोख रक्कम देऊ नये. त्याच्या हाती आलेली रोख रात्र काढत नाही, सरळ पक्षाच्या कचेरीत जाऊन बसते.

कलम ३. पक्षाच्या रंगाचं उरलेलं कापड माळ्यावर आहे. त्याची फडकी करावीत आणि शेजारीपाजारी वाटावीत. कापड चांगलं आहे, धूळ छान पुसली जाते. जन्मभर मी झेंडे शिवले, ह्या पक्षाचे शिवले तसे त्या पक्षाचेही शिवले. दोन्हींचं कापड एकाच व्यापाऱ्याकडून यायचं आणि टीपही मी एकच घालायचे. भाऊ म्हणायचा, "ताई, त्यांचे झेंडे शिवतेस, लाज नाही वाटत?" मी म्हणायचे, "त्यांचे झेंडे वाऱ्याने फाटले की पुन्हा माझ्याकडेच येतात. तुमचेही."

कलम ४. पुढच्या खोलीत भावाच्या पक्षाच्या साहेबांचा फोटो आहे. तो मी लावलेला नाही. साहेब निवडून आले त्या दिवशी भावाने माझ्या भिंतीला माझ्याच हातोडीने खिळा ठोकून तो लावला. फोटो त्याने घेऊन जावा.

कलम ५. घर.

दोन खोल्या, पुढचा ओटा आणि मागची मोरी असलेलं हे घर मी आणि माझ्या पतींनी मिळून बांधलं. आम्हाला मूल नाही. भाऊ बायकोमुलीसह भाड्याच्या एका खोलीत राहतो, तिथे भिंतीला ओल आहे आणि त्याला खोकला आहे. तेव्हा घर त्याला जावं हे सरळ आहे. सरळ गोष्ट एवढी वाकडी का झाली ते मला लिहिलंच पाहिजे, नाहीतर मला मरणही सुखाचं यायचं नाही.

आमच्या गावाबाहेर छपराचे सिमेंटचे पत्रे करायचा कारखाना आहे. तो साहेबांनी आणला. भाऊ पहिल्या दिवसापासून तिथे लागला. त्याचा आवाज असा, की मिरवणुकीत त्याला माईक लागायचा नाही, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणायचे. माझे पती तेव्हा लाकडाच्या वखारीत होते. भाऊ रोज संध्याकाळी येऊन त्यांच्या मागे लागायचा. "दाजी, काय त्या भुशात मरताय? आत या. कायमची नोकरी आहे, साहेबांचा शब्द आहे." मी नको म्हणत होते. शेवटी तो त्यांना बरोबर घेऊन गेला.

त्या कारखान्यात पांढरी धूळ असायची. पती घरी यायचे ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. मी कपडे ओट्यावर झटकून मग भिजत घालायचे. लोक कुजबुजायला लागले तेव्हा साहेबांनी सभा घेतली. झेंडे माझेच होते. व्यासपीठावर त्यांनी चिमूटभर धूळ तळहातावर घेतली, फुंकली आणि म्हणाले, "पावडर आहे ही! पोरांच्या अंगाला लावा!" लोक हसले, टाळ्या पडल्या. माझे पती हसले. भोंग्याने घोषणा दिली ती नदीपलीकडे ऐकू गेली असेल. त्या माणसाच्या तळहाताची मला आजही शिसारी आहे.

पती अंथरुणाला खिळले. छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसात तीच धूळ बसली आहे. भाऊ म्हणाला, "तो डॉक्टर विरोधी पक्षाचा आहे." पती गेले. मग पॅकिंगमधला माणूस गेला. भाऊ म्हणाला, "तो विड्या ओढायचा." मग हिशेबनीस गेला, ज्याने आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती. "तो लहानपणापासूनच नाजूक होता." मग रखवालदाराची बायको गेली. ती कारखान्यात कधी गेलीच नव्हती, फक्त नवऱ्याचे कपडे धुवायची. यावर भाऊ म्हणाला, "बायकांचं काहीतरी वेगळंच असतं, ताई." हे मला म्हणाला! मी पण तसेच कपडे धुतले आहेत. माझी तपासणी झाली, माझं नशीब बरं निघालं.

साहेब एकदा कारखाना बघायला आले ते नाकातोंडाला जाड फडकं बांधून. मी भावाला विचारलं, "पावडर आहे ना? मग फडकं कशाला?" तो म्हणाला, "त्यांना सर्दी झाली होती." साहेबांच्या स्वतःच्या बंगल्यावर त्या कारखान्याचा एक पत्रा नाही. यावर भाऊ म्हणे, पत्र्यावर पावसाचा आवाज होतो, साहेबांची झोपमोड होते. अशा भावापुढे कपाळ तरी किती वेळा आपटायचं? झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं मी त्याला तोंडावर म्हटलं. चार दिवस तो माझ्याकडे आला नाही. पाचव्या दिवशी खोकत आला.

दुसऱ्या पक्षवाल्यांचंही सांगून ठेवते. पती गेल्यावर ते आले आणि पतींचा फोटो मोर्चात मिरवायला मागू लागले. तुमच्याच काळात कारखान्याला जागा मिळाली होती ना, असं विचारलं तर त्यांच्याकडेही उत्तरं तयार होती. मी त्यांना ओट्यावरूनच हाकललं. त्या दिवशी भाऊ माझ्यावर खूश होता, आणि मला त्याच्या त्या खुशीचा सगळ्यात जास्त राग आला.

आता दोन जिने चढला की तो भिंत धरतो. घोषणा दुसरे देतात, हा नुसता हात वर करतो. भावजय रडते. भाचीने गोळ्या आणल्या, त्या त्याने घेतल्या नाहीत. तपासणी करून घे म्हटलं की म्हणतो, "हवा बदलली आहे, सगळ्यांनाच होतंय." म्हणून मी मसुद्यात अट घातली. मी जिवंत असेपर्यंत त्याने छातीची तपासणी करून घेतली आणि डॉक्टर सांगतील तो उपचार सुरू केला, तर घर त्याचं. नाहीतर घर विकून सगळं भाचीला. मला वाटलं, पुराव्याने नाही तर घराने तरी हलेल. एका दुपारी त्याला बोलावून हे कलम मोठ्याने वाचून दाखवलं.

त्याने टेबलावरचा खडू उचलून परत ठेवला. मग म्हणाला, "ठेव तुझं घर."

"वेडा आहेस का? तुझ्या बायकोने त्या ओलीत मरायचं?"

"नको म्हटलं ना, ताई."

"त्या माणसापायी घर सोडशील, पण एक फोटो काढून घेणार नाहीस छातीचा?"

"त्या माणसाचं काय घेऊन बसलीस!" तो ओरडला, आणि त्याला इतकी ढास लागली की मी पाणी आणलं. पाणी प्यायल्यावर तो हळू बोलला. "फोटोत धूळ निघाली तर? मग दाजी धुळीनेच गेले ना? मग त्यांना आत कुणी नेलं, सांग. साहेबांनी नेलं? साहेबांना दाजींचं नावही माहीत नव्हतं. मी नेलं. तू नको म्हणत होतीस आणि मी नेलं."

हिशेबनीस असो, रखवालदाराची बायको असो, एकेक मेलेलं माणूस मी त्याच्यापुढे आणून उभं करत होते, आणि मला वाटत होतं मी साहेबांवर फिर्याद करते आहे. त्याला मात्र प्रत्येक वेळी एकच ऐकू येत होतं, की दाजींना तू मारलंस. साहेब खोटे ठरले असते तर हा उरलाच नसता. मग सर्दी काय आणि पावसाचा आवाज काय, जे हाताला लागेल ते धरून तो बसला. मी चिडले, अजूनही चिडलेली आहे, पण त्याच्यावर चिडण्यात मी फार वर्षं घालवली. मसुदा त्याच्यासमोर फाडला.

तेव्हा कलम ५ आता असं वाचावं. घर माझ्या धाकट्या भावाला, कोणत्याही अटीशिवाय.

कलम ६. घराबरोबरच मी पुढचं विधानही भावाच्या नावे करते, आणि ते शपथेवर करते. माझ्या पतींच्या मृत्यूला माझा भाऊ जबाबदार नाही. त्याने नोकरी लावली ती बहिणीचा संसार सुधारावा म्हणून. आत काय आहे ते त्याला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते नाकाला फडकं बांधून आले होते. पतींनी शेवटपर्यंत त्याला बोल लावला नाही आणि मीही लावत नाही. हे मी त्याला तोंडी सांगितलं आहे. त्याचा विश्वास सांगणाऱ्यापेक्षा कागदावर जास्त बसतो, म्हणून लिहूनही दिलं.

मी कुणालाच दोषी धरत नाही असा अर्थ मात्र कुणी काढू नये. मी गेल्यावर साहेबांनी किंवा त्यांच्या माणसांनी माझ्या दारात येऊ नये. हार पाठवला तर परत करावा. दोन्ही पक्षांना हे लागू आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी भाचीने करावी. आत्याने काय लिहिलं म्हणून कुणी विचारलं तर हे सगळं वाचून दाखवावं, मधलं काही गाळू नये.

वर लिहिलेलं सगळं मी वाचून पाहिलं, ते माझंच आहे, आणि खालच्या दोघांच्या डोळ्यांदेखत त्यावर सही केली आहे.

सही: झेंडेवाली

साक्षीदार पहिले: वकील (कुरकुरत का होईना, इथपर्यंत आले)
साक्षीदार दुसरे: वकिलांचे कारकून

तारीख: अकरा मार्च, सकाळ

ठिकाण: सही वकिलांच्या कचेरीत व्हायची होती. पण सकाळीच भाऊ चपला घालून दारात उभा राहिला आणि "चल" म्हणाला, म्हणून ती छातीच्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर बसून केली आहे. भाऊ आत्ताच आत गेला. जाताना दाराशी थांबून म्हणाला, "ताई, मी यातलं काही मानत नाही हं. तू म्हणतेस म्हणून जातोय." मी म्हटलं, "नको मानूस. शर्ट काढ आणि सरळ उभा राहा."