राणीला कोणी कामावरून काढत नाही

१९ नोव्हेंबर १९३६

राजा आला, बघून गेला! वेल्सच्या या बंद कोळसाखाणींच्या दरीत आजवर कोण फिरकलं होतं? बाबा टोपी काढून रडले. एम्लिन गर्दीत माझ्यापासून दहा हात लांब. जवळ उभं राहायची सोय नाही. ऑगस्टमध्ये कार्डिफला जाऊन नोंदणी लग्न केलं, ते आम्हा दोघांनाच ठाऊक. लग्न झालेल्या बाईला शाळेत ठेवत नाहीत. आणि बाबा बेकार, एम्लिनही बेकार. घर माझ्या पगारावर.

पदवी मिळाली त्या दिवशी ठरवलं होतं — मुलांशी कधी खोटं बोलायचं नाही!

२६ नोव्हेंबर

पलीकडच्या गावच्या शाळेतल्या डिलिस बाईंना काढलं. लग्न लपवलं होतं. मधल्या सुट्टीच्या आत कपाट रिकामं करायला लावलं म्हणे.

१ डिसेंबर

मेले! खडू उचलायला वाकले आणि गळ्यातला दोरा बाहेर आला. लग्नाची अंगठी झटकन आत ढकलली, पण पहिल्या बाकावरच्या मॉर्विदने पाहिलंच.

"बाई, गळ्यात काय?"

"माझ्या आजीचा क्रॉस."

दारात मुख्याध्यापिका बेडो बाई! "क्रॉस? तुमची आजी आमच्याच चॅपलची ना, प्रॉसर बाई? आपल्यात कधीपासून क्रॉस घालायला लागले?"

पोरी फिदीफिदी हसल्या. आमच्या पंथात क्रॉस घालत नाहीत, चॅपलच्या भिंतीवरसुद्धा तो नाही — एवढं साधं मला सुचू नये?

३ डिसेंबर

पेपरांत सगळं आलं. राजाला दोनदा घटस्फोट घेतलेल्या बाईशी लग्न करायचंय. ती हवी तर गादी सोडावी लागेल. शिक्षकांच्या खोलीत दुसरा विषय नाही. प्यू बाई म्हणाल्या, "आमच्या पोरी नवऱ्यासाठी दरवर्षी नोकऱ्या सोडतात. त्यांचा फोटो नाही कोणी छापत!" सगळ्या हसल्या. बेडो बाई नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.

४ डिसेंबर

डोळ्याला डोळा नाही. दारावर टकटक झाली की आधी दोरा आत ढकलते.

८ डिसेंबर

बेडो बाईंनी बोलावलं. दार लावून घेतलं.

"एलिनेड, तुला कायम करा असं मी वर कळवणार आहे. खरं सांग. कोणी आहे का तुझं?"

"नाही, बाई. कोणी नाही."

किती पटकन आलं तोंडातून!

संध्याकाळी एम्लिनला सांगितलं — सुटले एकदाची, म्हणून हसतच. तो हसला नाही. "कोणी नाही?" एवढंच म्हणाला.

१० डिसेंबर

राजा गादी सोडतोय. आता धाकटा भाऊ, आणि त्याच्यामागे त्याची दहा वर्षांची मुलगी! वर्गात पोरी नाचल्याच. आणि मॉर्विदचं सुरू —

"बाई, ती राणी झाली आणि मग लग्न केलं, तर तिला काढतील?"

"छे. व्हिक्टोरियानेही लग्न केलं होतं राणी झाल्यावर."

"मग डिलिस बाईंना का काढलं?"

काचेपलीकडून बेडो बाईंची सावली गेली. "पुस्तकं उघडा," म्हणाले. मॉर्विदचा प्रश्न त्यांना ऐकू गेला असेल.

१२ डिसेंबर

काल सगळं गाव हॉलमध्ये रेडिओपुढे. राजाचा आवाज थकलेला. बायका हुंदके देत होत्या, बाप्ये छताकडे बघत होते. बाहेर पडताना एम्लिनने खुशाल माझा हात धरला. चारचौघांत! मी हिसकून घेतला — बेडो बाई मागेच होत्या.

गल्लीच्या तोंडाशी तो थांबला. "त्याने अख्खं राज्य सोडलं, एली. मी तुला शाळा सोड म्हणत नाही. घर त्यावर चालतं, कळतं मला. पण 'कोणी नाही' म्हणताना एकदा तरी अडखळायचं होतंस."

कोणी ऐकतंय का, तेवढंच बघत राहिले.

१४ डिसेंबर

कायम झाले. बेडो बाईंनी सगळ्यांसमोर हात हातात घेतला.

एम्लिन सकाळच्या गाडीने इंग्लंडात कॉव्हेंट्रीला गेला, कारखान्यात कामाला. पत्ता ठेवला नाही.

आईला वाटतंय, मी आनंदाने रडतेय.